बांधावरची बावची

त्या वर्षी लिंबाच्या रोपांवर अळी पडली ती अक्काच्या हातामुळे नाही. आम्हा बायकांच्या आळसामुळेही नाही. हे मी आधीच लिहून ठेवते, कारण लिहिताना माझा राग वाढत जाईल आणि मुद्दा राहून जाईल.

काल गल्लीत एका लग्नाची हळद होती. हळद कुटायला बायका जमल्या होत्या. कुणाच्या तरी नात्यातल्या मुलीला कोड आहे म्हणून सोयरीक मोडली, असा विषय निघाला. तेव्हा आमच्या जुन्या मुकादमाची बायको म्हणाली, "हाताचा गुण असतो बाई. आमचे हे नर्सरीत मुकादम होते ना, तिथे एक कोडवाली होती. तिचा हात लागला त्या रोपांना अळी पडली. दोन वाफे नुसते काड्या झाले. शेवटी काढली तिला."

बायका म्हणाल्या, "अगं बाई!"

मी त्याच नर्सरीत सहा वर्षं काम केलंय. त्या कोडवालीच्या, म्हणजे अक्काच्या, शेजारी बसून. मला सगळं माहीत होतं. तरी मी मान खाली घालून हळकुंडं निवडत राहिले. घरी आले तर जेवण गेलं नाही. मुलीच्या जुन्या वहीत मागे कोरी पानं होती, ती आज घेऊन बसले. माझी शाळा चौथीपर्यंतच, पण लिहिता येतं. बोलता येत नाही, हेच तर दुखणं आहे.

नर्सरी मेहरूणच्या पुढे एका मळ्यात होती. लिंबू आणि मोसंबी. मोसंबीचे डोळे भरायला, म्हणजे कलमं बांधायला, बाहेरून कारागीर यायचे, त्यांना सावलीत खाट आणि दोन वेळा चहा. बाकी सगळं आम्ही सहा बायका करायचो. पिशव्यांत माती आणि शेणखत भरायचं, निंदायचं, झारीने पाणी घालायचं, आणि पाऊस लागला की अळ्या वेचायच्या. माझा नवरा डाळ मिलमध्ये पोती उचलायचा. तो निघाला की मी निघायची.

अक्का आमच्यात सगळ्यांत जुनी. मूळची धुळ्याकडची. नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही. विहिरीवर मोटारीची खोली होती, तिला लागून पत्र्याची एक खोली. तीत ती राहायची. काम होतं म्हणून खोली होती. काम गेलं असतं तर खोली गेली असती, हे तिला माहीत होतं आणि आम्हालाही.

तिच्या दोन्ही हातांवर मनगटापर्यंत कोड होतं, ओठाच्या कोपऱ्यालाही थोडं. तिचा पाण्याचा गिलास वेगळ्या खिळ्यावर टांगलेला असायचा. जेवताना बाकीच्या बायका आंब्याखाली, अक्का विहिरीच्या कट्ट्यावर. पहिलं वर्षभर मीही तिच्या हातची भाकर घेतली नाही. हे लिहायला नको वाटतं, पण लिहिते. मग मी पोटुशी असताना एकदा उन्हात मला चक्कर आली. अक्काने तिच्या गिलासातलं पाणी पाजलं आणि स्वतःच्या कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या भाकरीचा तुकडा तोंडात घातला. बाकीच्या बघत राहिल्या. मला काही झालं नाही. मुलगी झाली, तिच्या अंगावर तीळसुद्धा नाही. त्या दिवसापासून मी कट्ट्यावर जेवायला लागले.

मळ्याच्या बांधावर बावची होती. कमरेइतकी वाढते, जांभळी बारीक फुलं येतात, पानावर काळे ठिपके असतात आणि पान चोळलं की हाताला चिकट, उग्र वास लागतो. ती आपोआप उगवते, कोणी लावत नाही. पण आमच्या बांधावरची अक्काने राखलेली होती. दिवाळीनंतर ती तिचं काळं बी झोडून पोटलीत बांधायची आणि वर्षभर वाटून हातांना लावायची, मग उन्हात बसायची. कोणीतरी सांगितलेलं औषध. गुण आला नाही. उलट कातडी भाजल्यासारखी लाल व्हायची. तरी लावायची.

फुलपाखराचं मला तिनेच दाखवलं. काळं, वर पिवळे ठिपके, मागच्या पंखांवर एक लाल टिकली. लिंबाच्या मळ्यात राहिलेल्या कोणालाही ते ओळखू येईल. अळी वेचायची तर आधी अंडं शोधायचं आणि अंडं शोधायचं तर आईच्या मागे जायचं, असं अक्काचं काम होतं. बाकीच्या रोप न् रोप उलटंपालटं करून बघायच्या. अक्का नुसती उभी राहायची आणि फुलपाखरू कुठे टेकतं ते बघायची.

"दख," ती मला म्हणायची. "पाय लाईसन चाखी राह्यनी ती."

मी आधी हसले. पायाने कोणी चाखतं का? पण मग बघत गेले तसं दिसायला लागलं. ती हिरव्या रंगाकडे येते. माझं लुगडं हिरवं होतं, तर दोनदा माझ्या मांडीपाशी आली. आली, पुढचे पाय भरभर आपटले आणि निघून गेली. गवतावर तसंच, भेंडीवर तसंच. डोळ्यांना हिरवं दिसतं म्हणून येते, पण पायाला पटलं नाही की थांबत नाही. एकदा लिंबाचे शेंडे खुडून माझी बोटं वासाने भरली होती, तर ती बोटावर टेकली आणि चांगली चार-पाच वेळा पाय आपटत बसली. मी श्वास धरून राहिले. अक्का म्हणाली, "तुलेच झाड समजनी व माय!" आणि इतकी हसली की तिला खोकला लागला.

पाय पटला की ती शेपूट वाकवते, पंख हलतेच ठेवते आणि एक अंडं चिकटवते. एकच. खसखशीच्या दाण्याहून थोडं मोठं, पिवळसर. तेही जून पानावर नाही, कोवळ्या शेंड्याला, ऊन असेल तिथे. मग पुढचं झाड. एका झाडावर सगळी पोरं टाकून मोकळी होत नाही. रुईवर येतं ते केशरी फुलपाखरू लिंबाकडे ढुंकूनही बघत नाही आणि हे रुईकडे बघत नाही. ज्याचं त्याचं ठरलेलं.

आणि हे, जे मुकादमाला कधी दिसलं नाही: ती काळी-पिवळी बांधावरच्या बावचीवरही अंडी घालायची. तिथे पाय आपटायची आणि तिला पटायचं. बावची दाट असली की रोपांवर अंडी थोडी पडायची. का ते मला माहीत नाही, मी शिकलेली नाही. पण सहा पावसाळे माझ्या डोळ्यांनी बघितलं. बावचीवर अळ्या असायच्या, चिमणीच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या बारक्या आणि मग हिरव्या जाड. त्यांना चिमण्या आणि गांधीलमाश्या उचलायच्या. रोपांवरच्या राहिलेल्या आम्ही वेचायचो. तसं ते चाललं होतं.

त्या वर्षी गणपती उठले आणि निरोप आला की एक मोठा बागायतदार रोपं बघायला येतोय, गाडी भरून माणसं घेऊन. मालक, त्यांना सगळे आबा म्हणायचे, खूश होते. आबा कधी ओरडायचे नाहीत. ओरडायला मुकादम होता. तो सकाळीच बांधावर उभा राहिला आणि म्हणाला, "हे जंगल काढा सगळं. पाहुण्यांना नर्सरी वाटली पाहिजे, माळरान नाही. आणि अक्का, त्या दिवशी तू खोलीतच राहा."

अक्काने हात पदराखाली घेतले. "हाई झाड राहू दे ना भाऊ. मन्हं औषध शे."

मुकादम म्हणाला, "औषधाला गुण असता तर हात अजून असे राहिले असते का?"

दोघी-तिघी हसल्या. कामावरच्या माणसाला हसवायला मुकादमाला आवडायचं.

आम्ही बावची उपटली. मीही उपटली. पावसाने माती मऊ होती, मुळासकट येत होती. एक झाड उपटल्यावर मी पान उलटून पाहिलं तर खाली अंडं होतं. दुसऱ्या पानाखालीही होतं. मी तशीच उभी राहिले. ती काळी-पिवळी आता कुठे जाणार, हे मला तिथेच, त्या क्षणी कळलं.

"काय गं, त्याची पत्रिका वाचते का?" मुकादम म्हणाला.

"काही नाही भाऊ," मी म्हणाले आणि झाड ढिगावर टाकलं.

काही नाही भाऊ. एवढंच बोलले. ते वाक्य मला अजून रात्रंदिवस ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी फुलपाखरं आली. रिकाम्या बांधावरून इकडून तिकडे जायची, ढेकळावर टेकायची, गवतावर पाय आपटायची, उडायची. दुपारपर्यंत ती वाफ्यांवर उतरली. बांधाला लागून जे दोन वाफे होते त्यांना नुकती नवी पालवी आली होती. एरवी एका शेंड्यावर एक अंडं असायचं, आता तीन-चार दिसायला लागली. आम्ही वेचली, पण किती वेचणार? पाहुणे येऊन गेले, त्यांनी पुढचे वाफे पाहिले, खूश झाले. आणि त्यानंतरच्या आठवड्यात बांधाकडचे दोन वाफे खरंच काड्या झाले.

ते दोन वाफे अक्काच्या वाटणीचे होते.

आबांनी बोलावलं. अक्का पुढे, आम्ही मागे. मुकादम म्हणाला, "तिला दिसत नाही आता. आणि आबा, बोलू नये, पण हात चांगला नाही. लोक नाव ठेवतात."

अक्का म्हणाली, "मन्हा बोटेसले बठ्ठं दिसस, आबा." आणि तिच्या बोटांना सगळं दिसायचंच.

आबांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. विहिरीकडे बघत म्हणाले, "वय झालं अक्का तुझं. आता आराम कर. खोली परवापर्यंत मोकळी कर, तिथे फवारणीचा पंप ठेवायचा आहे."

आराम कर! कुठे करायचा आराम? एवढं विचारायला काय झालं होतं मला? मी तीन हातांवर उभी होते. अक्काने एकदाच मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिले.

तिची ट्रंक मी एसटी स्टँडवर नेली. ती धुळ्याला देवपुरात पुतण्याकडे निघाली होती. बावचीच्या बियांची पोटली तिने कमरेला बांधली होती. गाडी लागली तेव्हा ट्रंक मी वर चढवून दिली.

अक्काच्या जागी एक तरुण बाई ठेवली, डोळे घारीसारखे. तरी अळ्या पडतच राहिल्या. दोनदा फवारणी झाली. चार दिवस बरं वाटायचं, मग नवी पालवी फुटली की पुन्हा अंडी. कोणी तरुण बाईच्या हाताला नाव ठेवलं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा असा राग आला की हातातली झारी मी आपटली आणि तिची तोटी वाकली.

मोटारीच्या खोलीमागे बावचीचं एक झाड चुकून राहिलं होतं. ते मी मातीसकट काढलं, मोठ्या पिशवीत लावलं, सावलीत जगवलं आणि तिसऱ्या वाफ्याच्या तोंडाशी उन्हात ठेवलं. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला आबा फेरी मारत होते. मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी आपणहून बोलले नव्हते.

"आबा, इथे जरा बसून बघता का?"

"काय बघू?"

"फुलपाखरू."

मुकादम मागून म्हणाला, "घ्या! चौथी शिकली आणि शास्त्रज्ञ झाली. फुलपाखरू हिला विचारून अंडी घालतं."

पण आबा शेतकऱ्याच्या घरचे. ते उकिडवे बसले. फुलपाखरू आलं, वाफ्यावरून गेलं, बावचीवर टेकलं, पाय आपटले, शेपूट वाकवली. मग दुसरं आलं. मी पानं उलटून दाखवली. प्रत्येक पानाखाली होतं. आबा बराच वेळ बसले.

"खरं आहे की गं," ते म्हणाले.

मी सगळं बळ एकवटून म्हणाले, "म्हणजे अक्काचं काही चुकलं नव्हतं, आबा."

ते उठले, धोतर झटकलं. "तो विषय संपला आता."

पुढच्या आठवड्यात नाशिककडचे कोणी आले होते. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. आबा त्यांना सांगत होते, "पुढच्या वर्षी बांधानं बावची लावतोय. अळी तिकडे वळते. पुस्तकात नाही हे, अनुभवाने कळतं." पाहुणे म्हणाले, वा. मी तांब्या तिथेच खाली ठेवला आणि वाफ्याकडे गेले.

पण बी नव्हतं. बावची फुलावर असतानाच आम्ही सगळी उपटली होती आणि पिशवीतलं झाड अळ्यांनी खाऊन संपवलं. दिवाळी झाल्यावर आबांनी मला बोलावलं. "उद्या कामावर येऊ नको. धुळ्याला जा. अक्काकडे बावचीचं बी आहे ना, ते घेऊन ये."

मी विचारलं, "अक्काला घेऊन येऊ?"

ते म्हणाले, "बी आण."

देवपुरात पुतण्याचं घर सापडलं. मागच्या बाजूला पत्रा टाकून आडोसा केला होता, तिथे अक्का बसली होती. हात मांडीवर ठेवून. माझ्या आठवणीत ते हात कधी रिकामे नव्हते. पुतण्याची बायको तिला धान्य निवडू देत नव्हती, भांड्याला हात लावू देत नव्हती. खाऊ घालत होती, नाही असं नाही. ताट दाराशी सरकवत होती.

मी तिला सगळं सांगितलं. बांधाचं, अंड्यांचं, पिशवीतल्या झाडाचं, आबा उकिडवे बसल्याचं. मला वाटलं तिला बरं वाटेल.

ती म्हणाली, "झाड उपटतानाच तुले हाई माहीत व्हतं?"

"हो."

"मंग तव्हय बोलनी काबरं नही?"

ती रागावली नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी रडायला लागले. तिने मला रडू दिलं, गप्प केलं नाही. मग कमरेची पोटली सोडून माझ्या ओच्यात टाकली. "ने. झाडनं काय चुकनं?"

परतीच्या गाडीत मी खिडकीच्या गजाला डोकं लावून बसले. पारोळा गेलं, एरंडोल गेलं आणि माझा राग काही केल्या खाली बसेना. आबांचा, मुकादमाचा, हसणाऱ्या बायकांचा. सगळ्यांत जास्त माझा.

सकाळी आबांनी हात पुढे केला. "आणलं?"

पोटली माझ्या कमरेलाच होती. मी म्हणाले, "नाही. अक्काकडे आहे. तुम्ही स्वतः जा आणि मागा."

मुकादम हसायला लागला, पण आबा हसले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले आणि मग विहिरीकडे. "राहू दे," ते म्हणाले, "फवारणी आहेच."

ते धुळ्याला गेले नाहीत. मी होळीपर्यंत काम केलं आणि सोडलं. दोन वर्षांनी अक्का देवपुरातच गेली. मला कळलं तेव्हा तेरावाही होऊन गेला होता. बी मी आमच्या घरामागे कुंपणाला टाकलं होतं, ते दरवर्षी उगवतं.

इथवर काल लिहिलं होतं.

आज सकाळी चक्कीवर दळण घेऊन गेले तर मुकादमाची बायको पुढेच उभी. मी निघून येणार होते. डबा परत उचललाही होता. मग तो खाली ठेवला.

"वहिनी, परवा तुम्ही हळदीत बोललात ते खोटं आहे."

चक्की चालू होती. तिने कानाला हात लावला. "काय?"

मी मोठ्याने म्हणाले, "अक्काच्या हाताने अळी पडली नाही. बांधावरची बावची तुमच्या ह्यांनी उपटायला लावली, म्हणून फुलपाखरं रोपांवर आली!"

"ऐकू येत नाही गं!"

मग मी ओरडले. मी आयुष्यात कधी ओरडले नव्हते. "बावची मी उपटली! माझ्या हाताने! मला माहीत होतं आणि मी गप्प बसले!" आणि नेमकी तेव्हाच चक्की थांबली. रांगेतल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. चक्कीवाल्या भाऊंच्या पापण्यांवर पीठ होतं, तेही बघत राहिले.

मुकादमाची बायको म्हणाली, "अगं, एवढं काय त्यात? मेली ना ती आता."

"म्हणून तर मी सांगतेय," मी म्हणाले. "ती आता येऊन सांगणार नाही. पुन्हा कुठे तसं बोललात तर मी तिथेही येऊन हेच सांगेन."

ती काहीतरी म्हणाली, मला ऐकू आलं नाही. मी डबा तिथेच टाकून घरी आले. मुलगी आता तो आणायला गेली आहे. जाताना विचारत होती, "आई, तू भांडलीस? तू?"

चक्कीवर ओरडून बोलले ते मला तेव्हाच आबांसमोर बोलायचं होतं. अक्का तीन हातांवर उभी असताना.